बी. ए. झालेला नरेंद्र आणि आपली मुले

सियालदहहून सुटणारी एक लोकल कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळीच्या काठी, बजबजला जाऊन थांबते. जूटच्या गिरण्या, तेलाच्या टाक्या आणि रुंद नदी, असे हे गाव. १८ फेब्रुवारी १८९७ रोजी मद्रासहून निघालेली ‘मोंबासा’ आगबोट येथे लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खास रेल्वेगाडीने स्वामी विवेकानंद बजबजहून सियालदहला पोहोचले. स्थानकाबाहेर घोडागाडी सज्ज होती. तरुण विद्यार्थ्यांनी घोडे सोडून दिले आणि ती गाडी स्वतःच्या हातांनी ओढत रिपन कॉलेजपर्यंत नेली.

हा प्रसंग तुम्ही ऐकलेला असेल. पण त्याच शहरात, तेरा वर्षे आधी, हाच माणूस हातात अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होता, याची आठवण आपण त्या जयजयकारात विसरतो.

१८८४ साल. नरेंद्रनाथ दत्त बी. ए. झाला. त्याच वर्षी वडील विश्वनाथ दत्त अचानक गेले. उच्च न्यायालयातले नावाजलेले अॅटर्नी, हाताने उदार. मागे उरले कर्ज आणि राहत्या घरावरून नातेवाइकांशी न्यायालयातली भांडणे. आई आणि धाकटी भावंडे यांचा भार नरेंद्रवर आला. रखरखीत उन्हात, अनवाणी पायांनी, तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडला. सगळीकडे नकार. घरात सर्वांना पुरेसे अन्न नाही असे दिसले की, ‘मला आज बाहेर जेवायचे निमंत्रण आहे’ असे आईला सांगून तो उपाशीच बाहेर पडे. कोलकाता विद्यापीठाची पदवी हाती होती आणि पोटात अन्न नव्हते.

आता तुमच्या घराकडे पाहा. बारावीचा निकाल लागला आहे. मुलीला फॅशन डिझाइनचा अभ्यासक्रम करायचा आहे, मुलाला काकांच्या गॅरेजमध्ये काम शिकायचे आहे. वडील म्हणतात, ‘निदान ग्रॅज्युएट तरी हो, मग काय करायचे ते कर.’ हे ‘निदान’ कोठून आले? यशस्वी होण्यासाठी, चार पैसे नीट मिळवण्यासाठी महाविद्यालयाची पदवी खरोखरच लागते का?

या ‘निदान’ला इतिहास आहे. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी ठराव केला की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावे. १८५७ मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. विद्या आणि नोकरी यांची गाठ त्या वेळी पक्की बसली. पहिल्या पिढीला लाभ झाला: बी. ए. झाला की कचेरीत खुर्ची, गावात मान, लग्नाच्या बाजारात भाव. पुढे पदवीधर वाढले, खुर्च्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. नरेंद्र त्याच लाटेत सापडला. आचार्य प्रफुल्लचंद्र राय स्वतः एडिनबर्गचे डी. एस्सी., मोठे रसायनशास्त्रज्ञ, ‘बेंगॉल केमिकल’चे संस्थापक. बंगाली तरुणांच्या पदवीच्या वेडावर त्यांनी आयुष्यभर कोरडे ओढले. मुले व्यापार-उद्योगाकडे पाठ फिरवतात आणि कारकुनीसाठी रांगेत उभी राहतात, याचे त्यांना अतीव दुःख होते.

मग पदवी निरुपयोगी म्हणायची? येथे घाई करू नका. त्याच हुगळीवरून आणखी एक जहाज गेले होते आणि त्यावर एक मराठी मुलगी होती.

आनंदीबाई जोशी. पती गोपाळराव टपाल खात्यात, बदली कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला. फेब्रुवारी १८८३ मध्ये तेथील कॉलेजच्या सभागृहात उभे राहून या मुलीने आपण अमेरिकेला का जात आहोत ते भर सभेत सांगितले. ७ एप्रिलला तिने कोलकात्याहून जहाज पकडले. समुद्राकडे जाणारे प्रत्येक जहाज बजबजवरूनच जाते, तसे तेही गेले असणार. तिला अठरावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती एम. डी. झाली. तिच्या बाबतीत ‘पदवीत काय आहे, ज्ञान महत्त्वाचे’ असे कोण म्हणेल? त्या कागदाशिवाय तिला रुग्णाच्या खाटेपाशी डॉक्टर म्हणून कोणी उभेही केले नसते. दुसऱ्याचा जीव ज्याच्या हाती द्यायचा, त्याचे ज्ञान कोणीतरी तपासून पाहिले आहे याची ती खूण होती. शिवाय स्त्रियांना बंद असलेल्या दारावरची ती थाप होती.

म्हणजे एकाच नदीच्या काठी, वर्षभराच्या अंतराने, एकीला पदवीवाचून गत्यंतर नव्हते आणि एकाला ती मिळूनही उपाशी राहावे लागले. म्हणूनच ‘पदवी हवी की नको’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देणाऱ्या माणसापासून थोडे सावध राहा. आधी विचारायला हवे: कोणाला हवी, आणि कशासाठी?

हल्ली भाषणांतून, चित्रफितींतून सांगितले जाते की अमुक अब्जाधीशाने कॉलेज सोडले, तमुक उद्योगपती मॅट्रिकच्या पुढे गेला नाही. बिल गेट्स यांनी हार्वर्ड सोडले हे खरे. पण सोडण्यासाठी आधी हार्वर्डला प्रवेश मिळावा लागतो. आणि कॉलेज सोडून अपयशी ठरलेल्यांची चित्रफीत कोणी काढत नाही. मला विचाराल तर या मंडळींनी काय सांगितले यापेक्षा त्यांनी स्वतःच्या मुलांसाठी काय केले ते पाहावे. आपल्याकडचे लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्या. इंजिनिअरिंगची पदवी नाही. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंग ओळखण्यात दोष निघाला, तेव्हा यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे शिक्षकी केली, बेळगावला सायकलचे दुकान काढले, लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. पुस्तके आणि परदेशी मासिके वाचून, यंत्रे उघडून ते शिकले. आणि मुलगा शंतनुराव? त्यांना लक्ष्मणरावांनी अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये पाठवले, तेथून ते १९२६ मध्ये पदवीधर झाले. पदवीशिवाय कारखाना काढलेल्या माणसाने पदवीचा तिरस्कार केला नाही. आपण जे अडखळत शिकलो ते मुलाला शिस्तीत शिकता यावे, एवढेच त्यांनी पाहिले.

याच किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी फिरून विकणारा एक तरुण होता, भाऊराव पाटील. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षणही पूर्ण झाले नव्हते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, ‘कमवा आणि शिका’ म्हणत गरिबांच्या मुलांना वसतिगृहात ठेवले आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. भाऊरावांना सहज म्हणता आले असते, ‘माझे काय अडले?’ त्यांनी तसे म्हटले नाही. ज्याच्या वडिलांची पेढी आहे, शेती आहे, ओळखी आहेत, त्याचे पदवीवाचून अडत नाही. ज्याच्या मागे यांतले काहीच नाही त्याला परक्या दारात उभे राहताना दाखवायला दुसरे काय असते? घरी पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात असेल, मुलीला स्वतःच्या पायावर उभे राहायचे असेल, तर ‘पदवीची काय गरज’ हा उपदेश तिला करू नये. तो उपदेश बहुधा पोट भरलेल्या पदवीधराच्याच तोंडी असतो.

तरीही नरेंद्रची उपासमार खोटी ठरत नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात वर्षानुवर्षे दिसते की बेकारीचे प्रमाण निरक्षरांपेक्षा पदवीधरांत जास्त आहे. याचे कारण साधे आहे. गरीब, न शिकलेल्या माणसाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते काम करतो. पदवीधर थांबतो. पदवीला शोभेल अशा नोकरीची वाट पाहतो, घरचे त्याला थांबू देतात. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत जाऊन पाहा. एका वर्षाची दोन, दोनाची पाच वर्षे होतात. गावाकडून महिन्याला पैसे येत राहतात आणि वडील गावात सांगत राहतात, ‘पोरगा अधिकारी होणार आहे.’ ज्यांना चांगली नोकरी मिळते ते न शिकलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक कमावतात, हेही त्याच सर्वेक्षणात दिसते. म्हणून आशा सुटत नाही. आणि आशेच्या भरात आपण हिशेब करत नाही.

तो हिशेब करा. जे काम करायचे आहे त्याला कायद्याने पदवी लागते का, हे आधी शोधा. डॉक्टरी, वकिली यांना लागते. राज्यसेवेच्या परीक्षेला, बँकेतल्या अधिकारीपदाला लागते. सनदी लेखापाल मात्र बारावीनंतर थेट त्या अभ्यासाला लागून होता येते. वायरमन, वेल्डर, टर्नर यांना आय. टी. आय.चा दाखला आणि हातातले कसब लागते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यात विद्यावेतनासह शिकण्याची सोयही आहे. मग त्या विशिष्ट कॉलेजात जा आणि दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले आज काय करतात ते त्या मुलांनाच विचारा. माहितीपत्रकाला विचारू नका. शैक्षणिक कर्जाचा हप्ता पहिल्या पगाराच्या किती पट असेल ते कागदावर मांडा. तीन वर्षे वर्गात न बसता केवळ परीक्षेपुरते वाचून मिळवलेली पदवी ही तीन वर्षे गमावल्याची पावती ठरू शकते, हे मुलाला स्पष्ट सांगा.

कोणी म्हणेल, अध्यात्माच्या वाटेने जाणाऱ्यांनी पैशाचा एवढा विचार कशाला करावा? स्वामीजींनी तो केला होता. १८९८ मध्ये, जगभर कीर्ती झाल्यावर, त्यांनी खेतडीचे राजे अजितसिंह यांना पत्र लिहून आईसाठी दरमहा शंभर रुपयांची तरतूद कायम व्हावी अशी विनंती केली. उपाशी दिवस ज्याने पाहिले त्याला भाकरीची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

पण माणसाची किंमत? ती पदवीवर ठरवण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे, आणि येथे मी कोणतीही सूट देणार नाही. श्रीरामकृष्णांच्या शिष्यांत लाटू होता, बिहारमधल्या छपऱ्याकडचा, रामचंद्र दत्त यांच्या घरी घरकाम करणारा, अक्षरशत्रू. तोच पुढे स्वामी अद्भुतानंद झाला आणि शिकलेसवरलेले गुरुबंधू त्याच्यापुढे आदराने बसत. त्यांच्यातच होते हरिप्रसन्न चट्टोपाध्याय, पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झालेले, सरकारी नोकरी सोडून आलेले. ते स्वामी विज्ञानानंद. बेलूर मठाच्या बांधकामांवर त्यांचे शिक्षण कामी आले आणि १४ जानेवारी १९३८ रोजी तेथील मोठ्या मंदिराची प्रतिष्ठा त्यांच्याच हस्ते झाली. ते मंदिर बांधले मार्टिन बर्न कंपनीने. या कंपनीची धुरा वाहिलेले सर राजेंद्रनाथ मुखर्जी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत असताना प्रकृती बिघडल्याने पदवी न घेताच बाहेर पडले होते.

तुमच्या घरी असा एखादा नरेंद्र असेल, पदवी घेऊन बसलेला, सणासमारंभाला जायचे टाळणारा. ‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाच्या भीतीने तो मित्राकडे जेवलो असे सांगत असेल. त्याला पुन्हा पुन्हा विचारू नका आणि शेजारच्याचे उदाहरण देऊ नका. हाताला लागेल ते काम कर, असे मात्र जरूर सांगा, आणि ते छोटे आहे म्हणून तुम्ही स्वतः लाजू नका. बी. ए. झालेल्या नरेंद्रने त्या पडत्या काळात अॅटर्नीच्या कचेरीत उमेदवारी केली, ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या शाळेत काही दिवस शिकवले आणि चार पैशांसाठी भाषांतरे केली. त्यातच हर्बर्ट स्पेन्सरच्या शिक्षणावरील पुस्तकाचा त्याचा बंगाली अनुवाद छापून आला.