सावली आखूड होते तेव्हा

तान्ह्या बाळाला तेल लावून सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात धरायचं, ही आपली जुनी रीत. त्या उन्हाची ऊब बाळाला सुखावते, पण ड जीवनसत्त्व त्यातून फारसं मिळत नाही. ते त्वचेत तयार व्हायला जे अतिनील किरण लागतात, ते सूर्य खाली असताना वातावरणातच अडतात. सूर्य वर चढून आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली, की ते नीट पोचतात. म्हणजे ‘ऊन लागेल, आत ये’ अशी हाक आपण मारतो, नेमकी ती वेळ. बंद खिडकीच्या काचेतून तर ते जवळजवळ येतच नाहीत.

ड जीवनसत्त्व कमी पडलं, की मुलांची हाडं मऊ पडतात, तो मुडदूस. जपानमध्ये काम करून इंग्लंडला परतलेले डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्ये लिहिलं, की मुडदूस जिथे ऊन पोचत नाही तिथे होतो. धुरानं काळवंडलेल्या शहरांतल्या गल्ल्यांमध्ये पोरांचे पाय वाकत होते. पुढे १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशात बसवून अशी मुलं बरी केली.

आज जगात सुमारे १०० कोटी माणसांना ड जीवनसत्त्वाची कमतरता असल्याचा अंदाज दिला जातो. कमतरता कुठल्या आकड्याखाली म्हणायची, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण उन्हाच्या देशात ती इतकी असावी, हे मला फार लागतं. दिल्लीतल्या निरोगी लोकांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर-परिचारिकांच्या रक्तातही ड जीवनसत्त्व कमी निघालं. उन्हात कवायत करणारे सैनिक त्यातल्या त्यात बरे होते.

आणि बाळंतीण? तिला आपण महिना-सव्वा महिना खोलीत, पडदे ओढून, कानाला बांधून ठेवतो. पोटातल्या बाळाला ड जीवनसत्त्वाचा साठा आईकडूनच मिळतो, आईच्या दुधात तो थोडाच असतो. म्हणून तर डॉक्टर बाळाला थेंब लिहून देतात. बाळाला ऊन दाखवायची आठवण सगळ्यांना असते. आईला कोण दाखवतं?

शेजारी बाळंतपणाला लेक आली आहे. काल तिच्या आईला सांगून आले: बाळाचे थेंब एक दिवसही चुकवू नका, आणि बाराच्या सुमाराला बाळाला तुम्ही घ्या, लेकीला दंड उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं गच्चीत बसू द्या. ‘भर उन्हात?’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, भर उन्हात.