चित्रकाराचें असत्य

चित्रकार असत्य बोलतो काय? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु सपाट कापडावर दरीची खोली दाखविणारा मनुष्य एका अर्थीं आपल्या डोळ्यांस फसवीतच असतो. झ्यूक्सिस या ग्रीक चित्रकारानें रंगविलेल्या द्राक्षांवर पक्षी चोंच मारावयास आले, अशी आख्यायिका प्लिनीनें सांगितली आहे. जो अधिक फसवील तो अधिक थोर, हें त्या आख्यायिकेंतलें माप पुढें पुष्कळांनीं शिरोधार्य मानलें.

१९२४ सालीं आंद्रे ब्रेतों यानें पॅरिस येथें अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. स्वप्न आणि जागृति यांमधील भिंत पाडावी, हा त्या पंथाचा हेतु. हे लोक सत्याकडे पाठ फिरवून भ्रमाच्या भजनीं लागले, असा आक्षेप त्यांवर साहजिकच येतो. आणि दालीच्या १९३१ मधील चित्रांतलीं मऊ पडून लोंबणारीं घड्याळें पाहून कोणी तसें म्हटलें, तर त्यास दोष देतां येणार नाहीं. तथापि रने माग्रीत या बेल्जियन चित्रकाराचीं चित्रें पाहिलीं, म्हणजे मला याच्या उलट वाटूं लागतें.

१९२९ मध्यें त्यानें तंबाखू ओढण्याचा एक पाइप हुबेहूब रंगविला आणि खालीं फ्रेंच भाषेंत लिहिलें कीं, हा पाइप नव्हे. प्रथम थट्टा वाटते; पण विधान अक्षरशः खरें आहे. त्यांत तंबाखू थोडीच भरतां येते! त्याचें १९३३ मधील चित्र याहूनहि मार्मिक आहे. खिडकीपुढें तिकाटण्यावर एक चित्र उभें आहे आणि जेवढा देखावा त्यानें झांकला आहे, नेमका तेवढाच त्यावर रंगविला आहे. आपण म्हणतों, ‘हें झाड चित्रांतलें, बाहेरचें रान मात्र खरें.’ असें म्हटलें कीं सांपडलों! तें रानहि रंगांचेंच. एका खोट्याच्या शेजारीं ठेवल्यामुळेंच दुसरें खोटें आपण खरें मानून बसलों.

दोरीवर भासलेला साप दिवा आणतांच नाहींसा होतो. मृगजळ मात्र ओळखल्यावरहि दिसतच राहतें. शहाणा मनुष्य घागर घेऊन त्याकडे धांवत नाहीं, इतकेंच. माग्रीतचा भ्रम मृगजळाच्या जातीचा आहे. तो दिसूं देतो, पण फसूं देत नाहीं. आंतल्या चित्राच्या कापडाचा कांठ त्यानें मुद्दाम उघडा ठेविला आहे.

या भेदाचें महत्त्व आज विशेष आहे. न घडलेल्या प्रसंगांचीं आणि न जन्मलेल्या माणसांचीं छायाचित्रें आतां यंत्रें क्षणार्धांत तयार करितात, आणि अशा एखाद्या चित्रावर भरंवसून निरपराध मनुष्यास दोषी ठरविणें सहज शक्य झालें आहे. त्या चित्राखालीं ‘हें घडलेलें नव्हे’ असें कोणी लिहीत नाहीं. मग असत्य कोणाचें? वितळतें घड्याळ रंगविणाऱ्याचें खास नव्हे. तें खरें घड्याळ म्हणून विकावयास त्यानें बाजारांत नेलें नव्हतें. ज्यानें कांठ झांकला, त्याचें तें असत्य. आणि कांठ कोठें आहे हें पाहण्याचे कष्टहि न घेतां दुसऱ्यास दोष देणारे आपण, त्याचे भागीदार.