‘त्याची वेळ आली होती’

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावात अपघाती मृत्यूचा जनाजा निघतो, तेव्हा कब्रस्तानातून परतताना एक वाक्य हमखास कानी पडते : ‘त्याची वेळ आली होती.’ ईमानधारकाला हे वाक्य नाकारता येत नाही. मृत्यूची घटका अल्लाहनेच निश्चित केली आहे, ही आपली श्रद्धा आहे. शोकाकुल मातेला तिच्यातूनच सब्र लाभते. परंतु हेच वाक्य बेफाम वाहन हाकणाऱ्याच्या तोंडी आले, तर ते श्रद्धेचे वाक्य राहते काय?

1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या घटनेने सारा देश हेलावला. एकेकट्याने जाणाऱ्यांची मात्र फारशी चर्चा होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मरण पावली. त्यांपैकी 50,029 जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते.

कोणी म्हणेल, कर्मे हेतूवर अवलंबून असतात. वाहनचालकाचा हेतू तर ठार मारण्याचा नव्हता! हे खरे आहे, म्हणूनच शरीअतने त्याला खुनी ठरविले नाही. पण त्याला मोकळेही सोडले नाही. चुकीने झालेल्या हत्येसाठीही कुरआनने (4:92) मृताच्या वारसांना दियत आणि अल्लाहसमोर प्रायश्चित्त अनिवार्य केले. गुलाम मुक्त करणे शक्य नसेल, तर सलग दोन महिन्यांचे रोजे. तकदीर ही सबब पुरेशी असती, तर या आदेशाचे प्रयोजनच उरले नसते. शिवाय मृत्यू हेतुपूर्वक घडविला नसला, तरी भरधाव वेग हेतुपूर्वकच घेतलेला असतो. अल्पवयीन मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली पिता जाणूनबुजूनच देतो. देशाचा कायदाही (मोटार वाहन कायदा, कलम 199अ) त्या पालकाला दोषी धरतो : तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड.

शामच्या वाटेवर पुढे प्लेगची साथ असल्याचे कळताच ह. उमर (रजि.) मागे फिरले. हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय, असे ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, असा ह. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय होता. सावधगिरी ही तकदीरीबाहेरची गोष्ट नाही. हेल्मेट घालणारा तवक्कुल सोडत नाही, उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तो पाळतो.

रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले. मग अंधारात दिव्याविना रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी ठेवणाऱ्याने आपल्या ईमानचा विचार करावयास नको काय? आणि जखमीला पाहून पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाणाऱ्याने हे जाणावे की, मदत करणाऱ्याला कायद्याने (कलम 134अ) संरक्षण दिले आहे; एक जीव वाचविणे तर कुरआनने (5:32) समस्त मानवजातीला वाचविण्यासमान मानले आहे.

‘त्याची वेळ आली होती’ हे शब्द मृताच्या घरी सांत्वनासाठी अवश्य उच्चारावेत. गाडी चालविणाऱ्याने मात्र आखिरतमध्ये आपल्याला काय विचारले जाईल, याचा विचार किल्ली फिरविण्यापूर्वी करावा. अल्लाह आपणा सर्वांना ती जाणीव देवो. आमीन.