नरो वा गॅस्केटो वा

माणसाच्या कानाला पापणी नाही, ही परमेश्वराची मोठीच चूक, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. नको ते दिसलं तर डोळे मिटता येतात. नको ते ऐकू आलं तर मिटायचं काय? पुढे गाडी घेतली आणि कळलं, की कानालाही पापणी असते. तिला कार-रेडिओ म्हणतात.

गोष्ट १९८६ सालातली. आमची गाडी सेकंडहँड (खरं म्हणजे थर्डहँड) होती. एके दिवशी खंबाटकीचा घाट चढताना तिने 'चुक् चुक् चुक्' सुरू केलं. शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, ती बॉनेटखालीही राहत असेल असं वाटलं नव्हतं. मी रेडिओ मोठा केला. हिने तो बारीक केला.

"अहो, गाडी काहीतरी म्हणतेय."

"घाटात सगळ्याच गाड्या बोलतात," मी म्हणालो आणि रेडिओ पुन्हा मोठा केला.

घरी आल्यावर रेडिएटर रोज सकाळी पाणी मागू लागला. आधी पेलाभर, मग तांब्याभर. गाडीखाली मात्र थेंब नाही. ऑईलचं झाकण उघडलं, तर आतून दूध जास्त झालेल्या कॉफीसारखा साका. मी झाकण घाईघाईने बंद केलं. दुसऱ्याचं पत्र चुकून उघडल्यावर करतो तसं.

आता तुम्ही गाडीवाले नसाल तर सांगतो. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ चकती असते, ती गॅस्केट. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं नांदावीत तसे तिथे आग, पाणी आणि तेल शेजारीशेजारी राहतात. मधली भिंत म्हणजे हे गॅस्केट. भिंत पडली की पाणी आगीच्या घरात शिरतं आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते. तेलाच्या घरात शिरलं की तेल दुधाळ होतं. आणि आगीचा धूर पाण्यात घुसला की रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. हे सारं आमच्या मिस्त्रींनी मला दुसऱ्याच कुणाच्या गाडीवर दाखवलं होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डॉक्टरसारखे ऐकत उभे राहतात.

आमची गाडी मी त्यांच्याकडे नेली नाही. कारण मी ती विकायची ठरवली होती. मिस्त्री "गॅस्केट गेलंय" म्हणाले असते तर मला ते *माहीत* झालं असतं, आणि मग गिऱ्हाइकाला न सांगणं हा खोटेपणा. नुसती शंका थोडीच सांगायची असते!

धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्याबरोबर तो खाली टेकला. सस्पेन्शन बसल्याची ही आपल्या वाङ्मयातली पहिली नोंद असावी. कीर्तनकार सांगतात, की 'कुंजर' ऐकू जाऊ नये म्हणून कृष्णाने नेमका तेव्हाच शंख फुंकला. म्हणजे रेडिओ मोठा करणारा काही मी पहिला नव्हे. पण एक फरक होता, आणि तो रात्री झोप लागू देईना. मेला तो हत्ती, हे धर्मराजाला निदान ठाऊक होतं. मी तर कोण मेलं ते पाहायलाच जात नव्हतो.

शेजारी तत्त्वज्ञानाचे प्रोफेसर राहायचे. त्यांना (एका मित्राचं म्हणून) विचारलं. ते म्हणाले, क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली हाच प्रश्न मांडलाय. एका जहाजमालकाला आपल्या जुन्या जहाजाची शंका आली. दुरुस्तीला खर्च फार. तेव्हा इतक्या सफरी झाल्या, हीही होईल, अशी त्याने मनाची प्रामाणिक समजूत घातली. जहाज माणसांसकट बुडालं, विम्याचे पैसे याला मिळाले. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषीच. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोष तसूभर कमी नसता.

प्रोफेसर सायकलवर फिरत. सायकलला गॅस्केट नसतं, त्यामुळे त्यांना नीतिशास्त्र परवडे.

गिऱ्हाईक आलं. बँकेत नुकताच कायम झालेला मुलगा. त्याने टायरवर लाथ मारून पाहिली, दारं आपटली, आणि विचारलं, "साहेब, इंजिन खोललेलं नाही ना?"

"छे!" मी म्हणालो. शंभर टक्के सत्य.

चहा घेताना तो म्हणाला, "आईला कोल्हापूरला न्यायचंय. अंबाबाईला. स्वतःच्या गाडीतून, पहिल्यांदाच."

वाटेत खंबाटकी. मी कप खाली ठेवला. "हे बघा, गाडी पाणी पिते."

तो हसला. मी त्याला खाली नेऊन ऑईलचं झाकण उघडून दाखवलं. तो बराच वेळ झाकणाऐवजी माझ्याकडेच बघत राहिला. "साहेब, द्यायची नसेल तर सरळ नाही म्हणा. एवढं सांगताय, म्हणजे आत आणखी काय काय असेल!" आणि गेला.

मिस्त्रींनी हेड उतरवलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये गॅस्केट जळलं होतं, हेडही जरासं वाकलं होतं. ते लेथवर फेस करून आणलं, नवं गॅस्केट घातलं, मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला थोडेथोडे आवळत नेले. "आवाज कधीपासून होता?" त्यांनी विचारलं. मी बिल मागितलं.

महिन्याने तो मुलगा परत आला. दुसरीकडे जमलं नव्हतं. इंजिन सुरू करून त्याने कान लावला. चुकचुक नाही. मग तोच प्रश्न. "खोललेलं नाही ना?"

"खोललंय," मी म्हणालो. बिलही दाखवलं.

त्याने दीड हजार रुपये कमी केले. वर "रेडिओ यातच धरलाय ना?" असंही विचारलं. रेडिओ मात्र मी काढून घेतला.