दुसऱ्याच्या छातीवरची चांदणी

छंद आणि व्यसन यांत फरक एवढाच, की व्यसनाला घरच्यांचा उघड विरोध असतो आणि छंदाला छुपा. तिकिटं, नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रं जमवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचा कुणाला उपद्रव नसतो. नाणं मुळात या हातातून त्या हातात जायलाच जन्माला येतं, आणि तिकिटाचं आयुष्य म्हणजे पाठीला थुंकी लावून घेणं. पण माझे एक स्नेही जुनी तुर्की लष्करी पदकं जमवतात आणि तिथे माझी पंचाईत होते. पदक ही काही हातोहात फिरायची वस्तू नव्हे. ते कुणा एकाच्याच छातीवर लावलेलं असतं. मग पैसे मोजून आपण नेमकं घेतो काय? धातू की पराक्रम? पराक्रम विकत मिळत असता तर आमच्या सोसायटीला सेक्रेटरी मिळायला इतका त्रास पडला नसता.

स्नेह्यांचा लाडका ऐवज म्हणजे पहिल्या महायुद्धातला उस्मानी युद्धतारा. सुलतान पाचव्या मेहमेदने १९१५च्या मार्चमध्ये तो सुरू केला. पाच टोकांची लाल चांदणी, त्यावर चंद्रकोर, मधे सुलतानाची वळणदार राजमुद्रा म्हणजे तुघरा, आणि खाली आकडा १३३३. हा आकडा मोठा बेरकी आहे. तो हिजरी सन आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो ताऱ्याला एका दमात सहाशे वर्षांनी म्हातारा करतो. घरच्या पंचांगात शके आणि इसवी सन शेजारी शेजारी नांदत असूनही स्नेह्यांकडे येणारा प्रत्येक पाहुणा "बाप रे, १३३३!" म्हणतोच. वहिनी आता चहाबरोबर तेवढा खुलासाही आणून देतात.

इंग्रज या ताऱ्याला 'गॅलिपोली स्टार' म्हणत. तो सगळ्याच आघाड्यांवर दिला जाई, हा भाग वेगळा. 'रेड बॅरन' म्हणून गाजलेला जर्मन वैमानिक रिख्तहोफेन यालाही तो मिळाला, आणि गॅलिपोलीला तो कधी लढलाच नव्हता. दोस्त राष्ट्रं एकमेकांना पदकं देतात ती साधारण आपण लग्नात एकमेकांना शर्टपीस देतो त्या भावनेनं.

आणखी गंमत पुढेच आहे. सरकारी तारा म्हणजे साध्या धातूवर निकेलचा मुलामा आणि वर लाल रंग. ऐपतदार जर्मन अधिकाऱ्यांना तो पसंत पडेना. त्यांनी पदरचे पैसे घालून चांदीचे, खऱ्या मिन्याचे तारे करवून घेतले. आज बाजारात भाव कुणाला? अर्थात चांदीच्या ताऱ्याला! रंग उडालेला, टोक वाकलेला सरकारी तारा, जो बहुधा खंदकातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोराच्या छातीवर होता, तो स्वस्त. म्हणजे भाव सोनाराच्या कारागिरीचा. मला हे ऐकून राग आला. स्नेही म्हणाले, "रागावू नकोस, त्यामुळेच मला खरे परवडतात."

पण खरी मेख निराळीच. या ताऱ्यावर नाव नसतं. कुणाचा, कुठला, कशाबद्दल, काही कोरलेलं नाही. कागदपत्र सोबत असेल तर ते जुन्या अरबी लिपीत. तुर्कस्तानने १९२८ साली ती लिपी सोडून रोमन लिपी घेतली, त्यामुळे नातवाला आजोबांचा कागद वाचता येत नाही. (हसू नका. आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतले कागद आहेत, ते कोण वाचतं?) त्यात आडनावाचा कायदा आला १९३४ साली. त्याआधीचा शिपाई म्हणजे अमक्या गावचा, अहमदचा मुलगा मेहमेद. आणि मेहमेद हे नाव इतकं सार्वत्रिक, की तुर्की लोक आजही साध्या शिपायाला लाडानं 'मेहमेतचिक' म्हणतात. त्यांतला आपला मेहमेद शोधायचा कसा? शोध लागत नाही म्हणून स्नेही निवांत असतात. मालक सापडत नाही तोवर वस्तू आपली.

तुर्कस्तानने स्वतः हा प्रश्न एकदा चांगला सोडवला होता. १९२०च्या कायद्यानं जे स्वातंत्र्यपदक काढलं, त्याची फीत आघाडीवरच्याला लाल, संसदेच्या सभासदाला हिरवी, पिछाडीवर राबलेल्याला पांढरी. आणि माणूस गेला की पदक वारसाकडे. घरातलं पदक घरात. तारा मात्र बेवारशी राहिला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना स्नेह्यांना ताऱ्याच्या फितीवर लावायची एक पट्टी मिळाली. अशा पट्टीवर मोहिमेचं नाव असतं. हिच्यावर होतं कूत-उल-अमारा. मेसोपोटेमियातल्या या गावात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ तुर्कांनी ज्या फौजेला कोंडलं, ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, घोडे कापावे लागले, आणि ते मांस खावं की धर्म पाळावा या पेचात आपली माणसं उपाशी राहिली. २९ एप्रिलला शरणागती झाली. सुमारे १३,००० लोक कैद झाले आणि त्यांतले कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले. ती ही पट्टी. तिकडल्या मेहमेदाचा अभिमान, आणि आपल्याकडल्या कुठल्याशा वाडीतली न परतलेली माणसं. ती हातात घेऊन मला "वा, छान!" म्हणता येईना.

पुढे स्नेह्यांनी काय करावं? जुन्या बाजारातून चांदीच्या वजनानं एक ब्रिटिश युद्धपदक आणलं. इंग्रज हिशेबाचा पक्का, पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं कोरलेलं. शिपाई, ११७ मराठा. त्यांनी ते कूतच्या पट्टीशेजारी मखमलीवर ठेवलं. एका पाहुण्यांना हा शत्रूशी शेजार पटला नाही. वहिनी म्हणाल्या, "तिथे पाच महिने समोरासमोर होते, इथे काय भांडणार आहेत?"

मी वेगळंच विचारलं. "कडेवर गाव तेवढं नाही. उद्या ते सापडलं, पणतू सापडला, तर पदक देणार परत?"

स्नेही बराच वेळ भिंगाची काच पुसत बसले. मग म्हणाले, "आधी सापडू तर दे."

त्यांचं शोधकाम चालू आहे. पत्रं जातात, उत्तरं येतात. मात्र पूर्वी टपाल आलं की ते उभ्या उभ्या फोडायचे. हल्ली पाकीट दोन-दोन दिवस टेबलावर तसंच असतं.