धावांचा आकडा आणि फलंदाजाचे मोल

फलंदाजाचे मोल आकड्यात असते, की आकडा ही त्याची नुसती खूण? वैशेषिक दर्शनात संख्या हा द्रव्याचा गुण मानला आहे. पण दोन व त्यापुढील संख्या अपेक्षाबुद्धीतून, म्हणजे वस्तू एकत्र ध्यानात घेतल्यावरच उपजतात. सरासरीचेही तसेच: काय ध्यानात घ्यायचे हे ठरल्यावरच ती उपजते. बेसबॉलची रूढ सरासरी केवळ यशस्वी फटके मोजते. चार वाईट चेंडू सोडून मिळवलेला पहिला तळ तिच्या हिशेबात नाही. तळ गाठण्याची टक्केवारी तोही धरते, म्हणून संयमी खेळाडू तिच्यात दिसतो.

क्रिकेटची सरासरीही असेच काही वगळते. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर विजय हजारे यांनी आपल्या ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा काढल्या. संघ तरीही डावाने हरला. त्यातली ३०० धावांची भागीदारी भाऊ विवेक यांच्यासोबतची, आणि विवेक यांच्या धावा २१. सरासरीच्या लेखी विवेक यांची ही खेळी किरकोळ. इथे सरासरी सरळसरळ चुकते: दुसरे टोक धरून कोणी उभे नसते, तर ३०९ कुठल्या?

उलट, मोठ्या आकड्यानेही मोल ठरतेच असे नाही. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. प्रतिस्पर्ध्यांनी सामनाच सोडला आणि डॉन ब्रॅडमन यांचा एका डावातील ४५२ धावांचा विक्रम वाचला. निंबाळकरांना कसोटी मात्र एकही मिळाली नाही.