नऊ आण्यांचं पुस्तक
रोहिणखेडला पेपर आधी चौकात वाचला जातो. बायकांच्या हाती तो बहुधा रद्दी होऊनच येतो, डब्यांखाली घालायला. काल शेजारच्या काकू फळी पुसून झाल्यावर असाच एक कागद धरून उभ्या होत्या. ओला फडका खांद्यावर, ओठ हलताहेत. बातमी मागच्या वर्षीची. आतून आवाज आला, "काय वाचत बसली व?" काकूंनी कागद फळीवर पसरला आणि वर तिखटाचा डबा ठेवून दिला.

मनाई कुणी केली नव्हती. विचारणाऱ्याच्या मनात वाईटही काही नव्हतं. तरी वाचणं थांबलं.

मला ताराबाई शिंदे आठवल्या. आमच्या गावावरून घाट चढला की बुलडाणा, तिथल्या त्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण पेपरांतून सगळ्याच बायकांच्या वागण्यावर ताशेरे झडू लागले. ताराबाईंनी ते वाचलं आणि 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून काढलं. जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का, असा रोखठोक सवाल. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे.

सरकारनं त्यावर बंदी घातली नाही. टवाळी पुरली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार'च्या अंकातून त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. आणि हे पहिलंही विस्मरणात गेलं. संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं १९७५ साली.

बंदीला निदान हुकूम असतो, तारीख असते. तिच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. खटला भरला, तर तो लढता येतो. 'श्यामा' या कथेवरच्या अश्लीलतेच्या खटल्यात तिचे लेखक चंद्रकांत काकोडकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये सुटले. हसण्यावारी नेलेल्या पुस्तकानं दाद कुठे मागायची?

१८८२ ते १९७५, मधल्या त्या ९३ वर्षांत या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलींनी पाटीवर अक्षरं गिरवली. पोथ्या वाचल्या, माहेरची पत्रं वाचली. घाटावरच्या एका बाईनं आपल्याच घरादारातलं लिहून ठेवलं आहे, याची बहुतेकींना गंधवार्ताही नव्हती. माझी आजी त्यातलीच. दुपारी सगळं आवरलं की ती बोट ठेवून, एकेक ओळ सावकाश वाचायची. ताराबाईंचं म्हणणं तिला पटलं असतं का, सांगता येत नाही. कदाचित चार पानं वाचून तिनं रागानं पुस्तक मिटलंही असतं. पण ते रागानं मिटायची संधीसुद्धा तिला मिळाली नाही.